कापड कमी पडलं

“फेटा एकच लागेल, मावशी. बाकीच्या दोघांना नारळ.” ब्राह्मी एवढंच म्हणाली आणि कपात बिस्कीट बुडवायला लागली. तिच्या दृष्टीनं ऑर्डर देऊन झाली होती. मी मात्र हातातली केशरी घडी तशीच धरून तिच्याकडे बघत राहिले. सांगलीत घरातल्या पुढच्या खोलीत मी फेट्यांचा धंदा मांडून बसले त्याला बरीच वर्षं झाली. लग्नाच्या वऱ्हाडाला फेटे भाड्यानं देणं, जाऊन बांधणं, कापड परत आणून धुणं, इस्त्री करणं. हल्ली फेटा म्हणजे पाण्याच्या बाटलीसारखा झालाय, खुर्चीवर जो बसेल त्याच्यापुढं एक. निवडणुकीच्या दिवसांत तर माणसं मोजायचीसुद्धा नाहीत, नुसतं गाठोडं घेऊन या म्हणतात. आणि ही पोरगी म्हणते, एकच. “कुणी शिकवलं तुला हे?” मी विचारलं. ती म्हणाली, “रामसुमेरभैया म्हणतात तसं करायचं. आमचा पाठिंबा ज्याला, त्याला फेटा. भाषण नाही, पत्रक नाही. बघणाऱ्याला कळतंच की.” तिला काय माहीत, की हेच वाक्य मी परकर-पोलक्याच्या वयात ऐकलं होतं, आणि तेही सांगलीत नाही, पार खाली तमिळनाडूत, सेलमला, माझ्या वडिलांच्या तोंडून. नारळ सगळ्यांना, फेटा एकाला. तिथून इथपर्यंत ही रीत चालत कशी आली, या विचारानं मी इतकी गुंतले की तिचा चहा संपलेला मला कळलाच नाही.

ब्राह्मी हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिच्या बापाच्या पेढीवरून गेलं तरी शिंका येतात. ती वकील झाली, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत बाहेरच्या राज्यांतून आलेल्या कामगारांचे दावे चालवू लागली, आणि तिथून तिला हा नाद लागला. आता माधवनगरच्या यंत्रमागवाल्यांना धरून तिनं मंच काढलाय, स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा. बंद पडलेल्या मिलच्या मागं त्यांची वस्ती आहे, रामसुमेर त्यांच्यातलाच म्होरक्या. उत्तर प्रदेशातली, बिहारातली, थोडी पलीकडच्या कर्नाटकातली माणसं. कितीतरी जणांची पोरं इथंच जन्मलेली, मतदार यादीत नावं आलेली. त्यामुळं या विधानसभेला मंचानं ठरवलं, की तिन्ही उमेदवारांना वस्तीवर बोलवायचं, एकच प्रश्न विचारायचा आणि एकाला पाठिंबा द्यायचा. प्रश्न साधा होता. मिलची जागा विकली जाणार अशी हवा आहे, मग आमच्या वस्तीचं काय? “तीन उमेदवारांत तुमचा विश्वजीतही आहे,” ब्राह्मी जाता जाता चप्पल घालत म्हणाली. “तुम्हाला अवघड होणार नाही ना? कुणाला बांधायचा ते आम्ही ऐनवेळी सांगणार.” मी म्हटलं, माझं काम बांधायचं. आणि मला वाटलंही तसंच.

विश्वजीत माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. शाळेसाठी गावाकडून आमच्याकडे आला तो कॉलेज होईपर्यंत राहिला. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं तो आमचाच म्हणायला हरकत नाही, आणि मी तसं म्हणतेही. धुतलेल्या फेट्याच्या घड्या घालायच्या तर दोन टोकांना दोन माणसं लागतात. दुसरं टोक कायम विश्वजीतच्या हातात असायचं. मी दारात उभी राहायची आणि तो कापड धरून मागं मागं जात अंगणातून पार रस्त्याला लागायचा. येणाऱ्याजाणाऱ्यांनी सायकलवरून उतरून कापडाखालून वाकून जावं, याची त्याला फार गंमत वाटायची. सगळे माझ्यापुढं वाकतात काकी, असं म्हणायचा. पुढारी व्हायची लक्षणं तेव्हाच दिसत होती असं आमचे हे म्हणतात. मला वाटतं, प्रत्येकच पोराला तेवढी गंमत वाटली असती.

माझ्या वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. सयाजी म्हणून त्यांना गावाकडं ओळखत, सेलमला सगळे शेट्टू, म्हणजे शेठ, म्हणत. आमच्या खानापूर भागातली माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, त्यासाठी देशभर पांगलेली. आप्पांची भट्टी सेलमच्या एका बोळात होती, वर माळ्यावर आम्ही. घरात धड चटई नव्हती, पण उत्तरेकडून आलेला आणि सोन्यात हात घालणारा माणूस म्हणून शाळेतल्या पोरीसुद्धा मला शेट्टू म्हणत. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, नवल वाटायचं. गावाकडं सुट्टीला गेलं की चुलत भावंडं मला मद्राशीन म्हणायची. मग मी दोन्ही नावं वहीच्या मागं लिहून बघायची, यातली मी कुठली. तिथं आमच्या लोकांचं एक मंडळ होतं, गणपती बसवायचं. तिथल्या राज्याच्या निवडणुका आल्या की उमेदवार मंडळाच्या हॉलमध्ये येऊन बसत, कारण गलाईवाल्यांची मतं तिथं नोंदलेली होती आणि सोन्याच्या पेठेत त्यांचा शब्द चालायचा. मंडळातले वडीलधारे आधी आपसात ठरवत. मग सगळ्यांना नारळ, आणि एकाला फेटा. बांधायचे आप्पा. भट्टीच्या धगीनं काळी पडलेली त्यांची बोटं कापडावर इतकी हलकी फिरायची की डाग म्हणून पडायचा नाही. ती बांधणी मी त्यांच्याच शेजारी उभं राहून शिकले.

त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून अजून जात नाही. एका वर्षी मंडळानं एका उमेदवाराला फेटा द्यायचं ठरवलं. चांगला भारदस्त माणूस होता, आम्हा पोरांना जवळ घेऊन चॉकलेट देणारा. आप्पांनी त्याच्या डोक्यावर दोन-तीन पेड, म्हणजे वेढे, घातले आणि थांबले. मग शांतपणे पेड उलगडले, कापड खांद्यावर टाकलं आणि तमिळमध्ये म्हणाले, क्षमा करा, कापड कमी पडलं. त्याच्या हातात नारळ दिला. मंडळाची माणसं नुसती बघत राहिली. घरी आल्यावर मी ते कापड आईच्या हातानं मोजलं, पुन्हा माझ्या हातानं मोजलं. ते पुरतं होतं, रोजच्याइतकंच. आप्पा जेवायला बसले होते. मी म्हटलं, आप्पा, कापड तर भरलं. ते म्हणाले, “व्हय, भरलं की,” आणि आईला म्हणाले, चटणी वाढ. बस्स. मंडळवाले त्यांच्यावर महिनाभर रुसले होते. मी पुढं कितीतरी वेळा विचारलं, लग्न ठरल्यावर विचारलं, ते अंथरुणाला खिळले तेव्हाही विचारलं. ते हसायचे. मग मीच कारणं लावत बसायची. त्या माणसाचं डोकं मोठं असेल. त्यानं केसांना फार तेल लावलं असेल. आप्पा घरोघरी जुने दागिने बघायला जायचे, तिथं काही कानावर आलं असेल. पण एवढ्या सगळ्यांसमोर असं करायला ते काय असावं लागेल, हे मला काही सुचायचं नाही. फेटा बांधायला मी जेव्हा जेव्हा कापड उचलते तेव्हा हे एकदा डोक्यात येऊन जातं.

फेटा बांधणाऱ्याला डोकी वाचायची सवय लागते. नवरदेवाचं डोकं मुकाट बसतं, पण कान तापलेले असतात. साताऱ्याला निवृत्त सैनिकांच्या मेळाव्यात मी फेटे बांधले तेव्हा एकाचीही मान वाकेना, खुर्चीवर चढून बांधावं लागलं. पुढाऱ्यांची डोकी सगळ्यांत शहाणी, हात लावायच्या आधीच योग्य तेवढी वाकतात. विश्वजीतचंही आता तसंच झालंय. ब्राह्मी येऊन गेली त्याच आठवड्यात मतदारसंघाच्या पार दुसऱ्या टोकाला, नदीकाठच्या एका गावात त्याची सभा होती. फेटे माझेच होते. त्याला बांधून झाल्यावर मी मागं गाठोड्यापाशी उभी होते. आमच्या धंद्यात माणूस व्यासपीठावर असतो, पण तिथं त्याला कुणी जमेत धरत नाही. विश्वजीत म्हणाला, “बाहेरची लोकं येत्यात, आपल्या पोरांच्या हातचं काम घेत्यात. निवडून आलो की पैल्यांदा त्या मिलमागची वस्ती साफ करतो, बघा.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात एक अर्धवट घडी होती, ती मी पूर्ण केली. परत येताना गाडीत तो मला म्हणाला, काकी, आज तुरा लय भारी उभा राहिलावता. मी म्हटलं, खळ नवी हाय.

आता हाच रामसुमेरच्या वस्तीवरही जाणार हे ध्यानात आलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटली ती उत्सुकता. रागसुद्धा नंतर आला. तिथं हा काय बोलेल? तेच बोलेल का? ब्राह्मीला फोन करावा असं दोनदा मनात आलं. पण एका सभेत कानावर पडलेलं दुसऱ्या सभेत न्यायचं नाही, ही आप्पांची शिकवण. ती मोडली तर उद्या मला कोण मागं उभं राहू देईल? आणि खरं सांगायचं तर, घरच्या पोराचं उणं बाहेर जाऊन सांगायला जीभ वळत नव्हती. वस्तीवरच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो घरी आला, आमच्या ह्यांच्या पाया पडला, माझ्या पाया पडला. “काकी, ती मतं आली तर सीट निघाली म्हणून समजा. आणि तुमच्या हातचा फेटा माझ्याच डोक्यावर बसला पायजे.” हे म्हणाले, “बसंल की. न बसायला काय झालं?” मी आत जाऊन केशरी कापड बाहेर काढलं. सगळ्यांत चांगलं, नवं. कुणासाठी काढलं म्हणाल, तर मलाही सांगता आलं नसतं.

वस्तीवर पत्र्याच्या शेडमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. मागांचा आवाज त्या दिवशी बंद होता आणि तो बंद असल्याचंच सगळ्यांना जाणवत होतं, माणसं उगाच मोठ्यानं बोलत होती. रामसुमेर पन्नाशीचा, वाळका, गळ्यात गमछा. वीस-बावीस वर्षं इथं माग चालवून त्याचं मराठी इथलंच झालंय, मधेच एखादा शब्द त्याच्या गावचा येतो. मी त्याला बाजूला घेऊन विचारलंच, “एकच फेटा ही रीत तुमच्या गावची हाय काय?” तो म्हणाला, “न्हाई ताई. गावाकडं तर सगळ्यांना माळा. इथं आमीच सोचलं. तिघांतला कोण येणार आपल्याला काय ठाव? जो येईल त्याच्याच दारात उद्या पाण्याला जायचंय. म्हणून नारळ सगळ्यांना द्यायलाच लागतंय. पण भरोसा एकावरच ठेवता येतो ना?” मी त्याच्याकडे बघत राहिले. म्हणजे कुणी ही रीत कुणाकडून घेतलीच नव्हती. परक्या गावात राहायचं ठरवलं, की ती आपोआप सुचत असावी. आप्पांच्या मंडळाला सेलमला सुचली, रामसुमेरला माधवनगरला. नारळात भीती होती आणि फेट्यात आशा, आणि लहानपणी मी दोन्हीला सत्कारच समजत होते. मला त्या शेडमध्ये एकदम बरं वाटलं, ओळखीच्या घरात आल्यासारखं. वहीच्या मागची ती दोन नावं आठवली.

पहिला उमेदवार म्हणाला, तुमचा विषय वर मांडतो. दुसरा म्हणाला, समिती नेमू. मग विश्वजीत उठला. त्यानं चप्पल काढली, सतरंजीवर खाली बसला, एका म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. “मिलची जागा विकूद्यात न्हाईतर काय बी करूद्यात. ही वस्ती हालणार न्हाई. तुमी बाहेरचे न्हाई, तुमी आमचे हाय. माझा शब्द हाय ह्यो.” आवाज तोच, नदीकाठच्या सभेतला. हात वर करायची लकब तीच. मी त्याच्या चेहऱ्याकडे इतकं निरखून बघितलं, की तो कुठं खोटा पडतोय ते सापडावं. कुठंच सापडलं नाही. त्याचे डोळेसुद्धा भरून आले होते. एका बाईनं पोराला पुढं ढकललं, की जा, पाया पड साहेबांच्या. रामसुमेर आणि चार-पाच जण पडद्यामागं गेले, ब्राह्मी दारात उभी राहिली. आतून कुणाचाच वाद ऐकू आला नाही. बाहेर आल्यावर रामसुमेरनं माझ्याकडे बघून नुसते डोळे विश्वजीतकडे वळवले. त्याच्या चेहऱ्यावर असा निवांतपणा होता, की मला तिथं उभं राहवेना.

मी कापडाला पीळ दिला. एक टोक विश्वजीतच्या हातात दिलं, त्यानं ते सवयीनं धरलं. पहिला पेड घातला. लोक मोबाइल काढून उभे राहिले. दुसरा घातला. डोकं अगदी मुकाट होतं, लहानपणी न्हाऊ घालताना असायचं तसं. मला वाटलं, बांधून टाकावा. मी बांधणारी, ठरवणारे ते. तिसरा पेड घालताना त्याच्या टाळूवर माझा तळवा टेकला आणि मी थांबले. ठरवून थांबले असं म्हणता येणार नाही, हात पुढं जाईनात. समोरच्या रांगेत ते पाया पडलेलं पोर तोंड उघडं टाकून माझ्या हातांकडे बघत होतं. मला एवढंच कळत होतं, की हे पोर उद्या फेट्याकडे बोट दाखवून कुणाला तरी सांगेल, आमचं घर जाणार नाही, आमी ह्यांना बांधलाय. आणि तो फेटा मी बांधलेला असेल. मी पेड उलगडले. एक, दोन, तीन. कापड खांद्यावर टाकलं. “माफ करा,” मी म्हटलं, “कापड कमी पडलं.” ताटातला नारळ उचलून विश्वजीतच्या ओंजळीत ठेवला.

शेडमध्ये क्षणभर कुणाला काही समजलं नाही. ब्राह्मी माझ्याकडे बघत होती, मग तिनं विश्वजीतकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. तिला कारण कळलं नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं कळलं होतं. रामसुमेर पुढं आला. माझ्या खांद्यावरचं कापड त्यानं दोन बोटांत धरून बघितलं. माग चालवणारा माणूस तो, कापडाची लांबी त्याला घडीवरून कळत असणार. त्यानं कापड सोडलं आणि उरलेल्या दोघांना नारळ द्यायला वळला. विश्वजीत हसत हसत गाडीत जाऊन बसला. त्याला लोकांसमोर चेहरा सांभाळता येतो.

दिवे लागायच्या सुमारास तो घरी आला, एकटाच. आमचे हे आत टीव्हीवर बातम्या बघत होते, ते बाहेर आले नाहीत. मी पुढच्या खोलीत ते केशरी कापड घेऊन बसले होते. चुरगळलेलं होतं, घडी घालायची होती. त्यानं काही म्हणायच्या आत मी एक टोक पुढं केलं. “धर.” त्यानं धरलं आणि मागं मागं जायला लागला. खोलीतून पायरीवर, पायरीवरून अंगणात, अंगणातून पार फाटकाबाहेर रस्त्यावर. कापड ताणलं गेलं. एक दुचाकी यायला लागली, तो माणूस वेग कमी करून वाकून खालून गेला. “काकी,” तो तिथनं म्हणाला, “भरलं की हे.”

“व्हय, भरलं की.”

मग ज्यासाठी दिवसभर जीव खालीवर होत होता ते मी विचारलं. “विश्वजीत, तू त्या गावात बोललास ते खरं, का आज बोललास ते?” मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. तो रागावेल, नाहीतर समजूत काढेल, अशी माझी तयारी होती. पण तो विचारात पडला. हातातल्या टोकाकडे बघत राहिला, जसं काही हा प्रश्न त्याला कुणी आजवर घातलाच नव्हता.

“दोन्हीकडं टाळ्या पडल्या, काकी,” तो शेवटी म्हणाला.

तेव्हा मला आप्पा आठवले, चटणी मागणारे. इतकी वर्षं मी धरून चालले होते, की त्यांना त्या माणसाचं काहीतरी खात्रीनं कळलं होतं. बहुतेक त्यांनाही कळलं नसावं. तो माणूस कसा आहे याची खात्री नव्हती म्हणूनच हात थांबला असेल, मग मला काय सांगणार होते ते? मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. कापड मधे लोंबायला लागलं होतं. घडी घालायची तर दोघांनी टोकं घेऊन एकमेकांकडे चालत यावं लागतं. तो जागचा हलला नाही.

“हेच जाऊन रामसुमेरला सांग,” मी म्हटलं. “दोन्हीकडचं सांग. मग तो म्हणाला तर बांधते.”

त्यानं टोक सोडलंही नाही आणि पाऊलही पुढं टाकलं नाही. कापड आमच्या दोघांच्यामधे अंगणात टेकलं. मी माझं टोक धरून दारात उभी राहिले.